आडनावाचं मूळ कसं शोधावं

सुरुवात घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापासून करा. आडनाव कुठून आलं, असं थेट विचारू नका. पणजोबा, खापरपणजोबांची नावं विचारा. कुलदैवत कोणतं, जावळ कुठे काढतात, सुतक कोणाकोणाचं पाळतात, हे विचारा. सुतकाच्या उत्तरातूनच भावकी कुठल्या गावांत पांगली ते कळतं.

मग आडनावाचा प्रकार ओळखा. वसमतकर, कळमनुरीकर ही नावं गाव सुटल्यावर चिकटतात. वसमतमध्येच राहणाऱ्याला वसमतकर कोण म्हणणार? असं घराणं मूळ गावातही शोधावं आणि ते जाऊन राहिलं तिथेही. देशमुख, देशपांडे, पाटील ही वतनं. त्यांच्याआडचं जुनं आडनाव भावकीतलं एखादं घर अजून लावत असतं.

आता दप्तर. आजोबांच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे अर्ज करून प्रवेश-निर्गम उतारा घ्या. तहसीलच्या अभिलेख कक्षात खासरा पत्रक, पाहणी पत्रक आणि जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ मागा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ला परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे हिंगोलीत न सापडलेल्या कागदासाठी परभणीलाही चौकशी करा.

बहुतेकांचं घोडं अडतं ते यापुढे. निजामाच्या काळातले कागद उर्दूत, काही मोडीत, आणि सन फसली. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. १३४४ फसली म्हणजे १९३४-३५. या कागदांत नुसतं आडनाव शोधत बसाल तर अनेकदा हात हलवत परत याल. ‘किसन वल्द मारोती’ एवढंच लिहिलेलं असतं, फार तर पुढे जात. तेव्हा बाप-लेकाची जोडी आणि सर्व्हे नंबर धरून मागे जा. तीच जोडी एखाद्या नंतरच्या कागदात आडनावासकट भेटली, की ते केव्हापासून लागलं याचा अंदाज बांधता येतो. नर्सीच्या संत नामदेवांचंच पाहा: वडील दामाशेटी आणि आई गोणाई वारकऱ्यांना तोंडपाठ, रेळेकर हे आडनाव मात्र सांगावं लागतं.

फ्रान्समध्ये १५३९च्या राजाज्ञेने चर्चला बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवणं भाग पडलं. त्यामुळे तिथे आडनावाचा माग काढणाऱ्याला जुन्या काळासाठी गावच्या चर्चची वही कामी येते. आपल्याकडे त्या तोडीची वही तीर्थोपाध्यायांची. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला जाऊन गाव, जात, आडनाव सांगा आणि आपल्या गावाची वही कोणाकडे आहे ते विचारा. पूर्वज तिथे विधीला गेले असतील, तर कोण आलं, सोबत कोण होतं, हे पानावर मिळतं. कधी आजोबांची सहीसुद्धा. बायकांची नावं असतील तर तीही उतरवून घ्या. वंशावळीत त्यांना जागा देण्याची संधी फार कमी ठिकाणी मिळते.

शेवटी वंशावळ मांडा. प्रत्येक नावापुढे कागद आणि सन लिहा. कागद नसेल तिथे ‘तोंडी माहिती’. पैसे घेऊन घराणं थेट एखाद्या राजवंशाला जोडून देणाऱ्यांपासून लांब राहा. एक झेरॉक्स भावकीतल्या दुसऱ्या घरी द्या आणि त्यांनी सांगितलेली नावं वेगळ्या शाईने भरा.