अभ्यासक्रमातील परिवर्तन आणि भाषाशिक्षकाची भूमिका

अभ्यासक्रम बदलला की पुस्तक बदलते, प्रश्नपत्रिका बदलते. परंतु या दोहोंच्या मध्ये उभा असलेला शिक्षक बदलला नाही, तर ते परिवर्तन कागदावरच राहते. भाषाशिक्षकाच्या बाबतीत ही कसोटी अधिकच कठीण असते. कारण भाषा हा स्वतंत्र विषय आहे, तसेच ती इतर विषयांचे माध्यमही आहे. आपल्या भागाच्या अनुभवावरून या प्रश्नाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

मराठवाड्याने पहिला मोठा बदल पाहिला तो माध्यमाचा. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, ते उर्दू माध्यमाचे. सरकारी माध्यमिक शिक्षणातही उर्दूचेच प्राबल्य होते. भूगोल हा 'जुगराफिया' म्हणून आणि गणित हे 'रियाजी' म्हणून शिकावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि पुढे येथील शाळा मराठी माध्यमाकडे वळल्या. ज्यांचे स्वतःचे शिक्षण उर्दूतून झाले होते, त्यांनाच मराठीतून शिकवणे भाग पडले. अशा काळात मराठीच्या शिक्षकाला केवळ कवितेचा अर्थ सांगून थांबता येत नाही. शब्द सुचविणे, सहकाऱ्यांचे लेखन तपासून देणे हेही त्याच्याकडे येते.

दुसरा बदल अलीकडचा आहे. २०१८-१९ पासून दहावीच्या नव्या अभ्यासक्रमात भाषा विषयांसाठी कृतिपत्रिका आली. २०२०-२१ मध्ये आलेल्या बारावीच्या मराठी 'युवकभारती'त मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख या उपयोजित लेखनप्रकारांना स्थान मिळाले. पहिल्या बदलाने शिक्षकाची भाषा बदलली. दुसऱ्याने त्याचे कामच बदलले. सांगणारा शिक्षक आता लिहवून घेणारा व्हावा, अशी ही अपेक्षा आहे.

ती पुरी होण्यातील अडचण साध्या हिशेबाने कळते. वर्गात ६० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येक वही नीट तपासण्यास १० मिनिटे लागतात असे धरले, तर एका अहवालासाठी १० तास हवेत. चार लेखनप्रकारांचे ४० तास झाले. हा वेळ वेळापत्रकात कोठेच दिसत नाही. मग बाजारातील मार्गदर्शकातला तयार अहवाल फळ्यावर येतो, मुले तो पाठ करतात आणि नव्या अभ्यासक्रमात जुनेच पाठांतर चालू राहते.

यावर काही उपाय करता येतील. पूर्णा तालुक्यातील चुडावा हे पूर्णा–नांदेड लोहमार्गावरचे गाव. येथील विद्यार्थ्याला माहितीपत्रकासाठी दूरचे पर्यटनस्थळ कशाला हवे? नवख्या प्रवाशाला स्थानकावर उतरल्यावर काय माहीत हवे, ते त्याने स्वतः पाहून लिहावे. कापसाच्या वेचणीची मजुरी कशी ठरते, यावर एखाद्या शेतकऱ्याची मुलाखत घ्यावी. मुलाखतीत शेतकऱ्याचा बोलीतला शब्द तसाच राहू द्यावा. अहवालात मात्र प्रमाणभाषा वापरावी. हा भेद का करावयाचा, हे समजावणे हेच तर शिक्षकाचे काम. असे लेखन मार्गदर्शकात सापडत नाही, म्हणून ते विद्यार्थ्याचे स्वतःचेच असते.

तपासणीसाठी मुलांनी आधी परस्परांच्या वह्या पाहाव्यात. माहिती पुरेशी आहे काय? क्रम बरोबर आहे काय? वाचणाऱ्याला कोणता शब्द अडतो? या तीन प्रश्नांपुरतेच त्यांनी पाहावे. शिक्षकाने दर आठवड्याला १५ वह्या बारकाईने तपासाव्यात. अडीच तासांचे हे काम झेपण्यासारखे आहे आणि महिन्याभरात सारा वर्ग त्याच्या नजरेखालून जातो.

अर्थात, हे अडीच तास शिक्षकाच्या कार्यभारात मोजले जाणे आवश्यक आहे. नवी भूमिका द्यावयाची आणि तिच्यासाठी वेळ द्यावयाचा नाही, हे न्यायाचे नव्हे. ज्या गावात घरी मराठीची पुस्तके थोडी, तेथे विद्यार्थ्याने स्वतः रचलेले वाक्य लक्षपूर्वक वाचणारी पहिली व्यक्ती बहुधा त्याचा भाषाशिक्षकच असतो. त्याने ते वाचलेच नाही, तर अभ्यासक्रम कितीही नवा असला तरी विद्यार्थ्याच्या पदरी काय पडणार?