सभासद शिक्षण : काट्यावर न दिसणारे मोल



गव्हाणीपाशी उभे राहिले की आम्हांला दोन तऱ्हेच्या गाड्या दिसतात. एकीतला ऊस जमिनीलगत तोडलेला, वाढे छाटलेले, पाचट काढलेले. दुसरीत वाढ्यांसकट मोळ्या आणि बुडख्याला माती. उसाच्या बुडात साखर जास्त, वाढ्यात कमी, हे आपण सगळेच जाणतो. तरी दोघांनाही टनाला दर बहुधा सारखाच पडतो. कारण दराला धरतात तो कारखान्याचा सरासरी उतारा, एकट्याच्या फडाचा नव्हे. मग पहिला सभासद उन्हात टोळीमागे का उभा राहतो? दुसरा म्हणतो, "एवढ्या ढिगात माझी गाडी कोण बघतंय?"

फरक आहे तो मूल्यांचा. मूल्य म्हणजे आपण मनातून ज्याला मोल देतो ती गोष्ट. कुणाला चोख काम मोलाचे, कुणाला चार लोकांतला शब्द, कुणाला नुसता पैसा. जे मोलाचे वाटते त्यासाठी हुरूप येतो, हुरूप तशी वागणूक होते. आणि मनाचा व कामाचा मेळ बसला तरच समाधान लाभते.

अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने व सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातील सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखती घेतल्या. १९५९ साली त्यांनी मांडले ते असे : पगार अपुरा, वरिष्ठ वाईट, तर माणूस नाराज होतो. हे सुधारले की नाराजी जाते, पण समाधान येतेच असे नाही. ते मुख्यतः काम तडीस गेल्याने, त्याची दखल घेतल्याने आणि जबाबदारी मिळाल्याने येते.

म्हणून पैशाचे महत्त्व कमी होत नाही. बिल थकले तर उपदेश कोण ऐकणार? तोडणीवाल्याच्या खोपीपाशी प्यायला पाणी नाही आणि आपण त्याला "ऊस स्वच्छ तोड" म्हणायचे, हेही शोभत नाही. मात्र घाणेरडी गाडी गेली की उतारा सगळ्यांचाच खाली येतो. स्वच्छ गाडी तो सगळ्यांसाठी राखते. सहकार हाच.

या हंगामात एवढे करू या : तोडीच्या दिवशी फडात हजर राहू, तोडलेला ऊस वाळत ठेवणार नाही, आणि टोळीने चांगले काम केले तर मुकादमासमोर तसे बोलून दाखवू.

गटचर्चेसाठी प्रश्न :
१. कुणी बघत नसताना आपण कोणते काम चोख करतो? का?
२. आपल्या टोळीच्या कामाची दखल आपण शेवटची कधी घेतली?