‘नंतर’ आणि ‘मुळे’

‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. पण एखादे वेळी फांदी खरोखरच भाराने मोडली असेल तर? ते कसे ठरवावयाचे? १९७६ साली अमेरिकेत हा प्रश्न एकाच लसीकरण मोहिमेत दोनदा उभा राहिला.

त्या वर्षाच्या आरंभी न्यू जर्सीतील फोर्ट डिक्स या लष्करी तळावर ‘स्वाइन फ्लू’ आढळला. साथीच्या भीतीने १ ऑक्टोबरपासून देशभर लस टोचण्यास सुरुवात झाली. थोड्याच दिवसांत पिट्सबर्ग येथे लस घेतल्यावर तीन वृद्ध दगावले. तपासात दिसले, की तिघांनाही हृदयविकार होता. लाखो वृद्धांना लस दिली, तर त्यांतील काही जण लसीविनाही त्याच दिवसांत मरण पावणारच. हा योगायोग होता.

पुढे गिया-बारे रोगाचे रुग्ण दिसू लागले. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. त्यांचा दाह होऊन हातपाय लुळे पडतात. हा रोग लसीविनाही होतो. २०२५ च्या आरंभी पुण्यात आलेल्या त्याच्या साथीचा संबंध आतड्यांच्या संसर्गाशी होता.

आता गणित करू. हा रोग एरवी वर्षाला लाखात एखाद-दोघांना होतो. अमेरिकेत सुमारे साडेचार कोटी, म्हणजे ४५० लाख लोकांनी लस घेतली. चार महिन्यांत त्यांच्यात लसीविना १५० ते ३०० रुग्ण अपेक्षित होते. जानेवारी १९७७ अखेर आढळले ५०० हून अधिक! शिवाय लस घेतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रुग्णांची गर्दी होती. केवळ योगायोग असता, तर ते सर्व आठवड्यांत विखुरलेले दिसले असते. लसीमुळे वाढलेला धोका निघाला लाखात सुमारे एक. मोहीम १६ डिसेंबरलाच थांबविण्यात आली होती. भीती होती ती साथ आलीच नाही.

तरीही एखाद्या रुग्णाकडे बोट दाखवून ‘याला लसीमुळेच झाला’ असे सांगता येत नव्हते. कारण एका रुग्णात दिसत नाही. ते तुलनेत दिसते.

म्हणून वहीत चार घरे आखा: लस घेऊन आजारी, लस घेऊन निरोगी, लस न घेता आजारी, लस न घेता निरोगी. बातमी बहुधा पहिलेच घर भरते. उरलेली तीन भरल्यावाचून ‘नंतर’चे ‘मुळे’ करू नका, आणि ‘योगायोग’ म्हणून सोडूनही देऊ नका.