एका विषाणूचे पाठभेद

बंगळूर शहराच्या उत्तरेस जक्कूर येथे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. तेथील डॉ. उदयकुमार रंगा व त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली एक महत्त्वाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या एचआयव्ही या विषाणूमुळे एड्स होतो, त्याचे काही नवे वाण भारतात जुन्या वाणांना हळूहळू मागे सारीत आहेत, असा तो निष्कर्ष होता. त्याचा अर्थ कळण्यासाठी हा विषाणू आपली संख्या कशी वाढवितो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

एचआयव्हीची जननिक संहिता आरएनए या द्रव्याच्या धाग्यावर नऊ हजारांहून अधिक अक्षरांत लिहिलेली असते. रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशीत शिरल्यावर या संहितेची डीएनएमध्ये नक्कल केली जाते. नक्कल करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, विषाणू आपल्याबरोबरच आणतो. परंतु हा नकलकार मोठा निष्काळजी आहे. हस्तलिखित पोथ्यांत असेच पाठभेद शिरत, आणि ज्ञानेश्वरीतील अशुद्ध पाठ दूर करण्याचे कार्य शके १५०६ मध्ये एकनाथांनी केले. विषाणूच्या विकराला मात्र स्वतःच्या चुका तपासून दुरुस्त करण्याची सोयच नाही. उपचार न घेणाऱ्या रोग्याच्या शरीरात दररोज अब्जावधी नवे विषाणू निपजतात. म्हणून एकाच रोग्याच्या रक्तातही परस्परांहून किंचित भिन्न असे असंख्य विषाणू एकत्र नांदत असतात. शिवाय दोन भिन्न विषाणू एकाच पेशीत शिरले, तर दोहोंच्या संहितांचे तुकडे जुळून तिसरीच संहिता तयार होते. ‘ए’ आणि ‘सी’ या दोन उपप्रकारांचा असा संकर पुण्यातील रोग्यांच्या विषाणूंचा अभ्यास करताना आढळला. ते संशोधन १९९९ साली प्रसिद्ध झाले.

हे उपप्रकार म्हणजे विषाणूची मोठी घराणी होत. युरोप-अमेरिकेत ‘बी’ उपप्रकार फार काळ प्रमुख राहिला. भारतात व आफ्रिकेच्या दक्षिण भागात ‘सी’चे प्राबल्य आहे, आणि जगातील जवळजवळ निम्मे संसर्ग ‘सी’चेच आहेत. भारतात या संसर्गाचा पहिला शोध १९८६ साली मद्रास येथे लागला.

आता बंगळूरच्या संशोधनाकडे वळू. विषाणूच्या संहितेत ‘प्रवर्तक’ नावाचा एक भाग असतो. पेशीतील एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन तेथे येऊन चिकटले, की विषाणूच्या निर्मितीस जोर चढतो. चिकटण्याच्या अशा जागा ‘बी’मध्ये सामान्यतः दोन, तर ‘सी’मध्ये तीन असतात. रंगा यांच्या गटाला काही भारतीय विषाणूंत चौथी जागा आढळली. तीन जागांचे व चार जागांचे विषाणू एकाच वेळी पेशींत सोडले असता चार जागांच्या विषाणूंनी सरशी केली. असे विषाणू ज्यांच्या शरीरात होते, त्या रोग्यांच्या रक्तातही विषाणूंचे प्रमाण सरासरीने अधिक भरले. त्यांच्या सीडी-४ पेशींच्या संख्येत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे रोग अधिक तीव्र होतो, असे यावरून म्हणता येत नाही. संसर्ग अधिक सहज पसरत असावा, एवढीच शक्यता संशोधकांनी मांडली, आणि हा संयम योग्यच होता.

अशा बारकाव्यांचा संबंध रोग्याशी थेट पोहोचतो. रक्तातील विषाणू मोजणारी चाचणी संहितेच्या ठराविक तुकड्यावर बेतलेली असते. तेथील अक्षरे बदलली, तर मोजणी कमी भरू शकते. लस तर अद्याप सिद्ध झालेलीच नाही, आणि एका घराण्याच्या विषाणूवरून बेतलेली लस दुसऱ्यावर चालेलच, असे गृहीत धरता येत नाही. औषधांची गोष्ट अधिक आशादायक आहे. आज वापरात असलेली प्रमुख औषधे ‘सी’वरही गुणकारी आहेत. ती अनियमित घेतली, तर औषधाला दाद न देणारे पाठभेद तेवढे टिकून वाढतात. नियमित घेतली, तर विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके घटते, आणि ते तसेच राहिल्यास रोग्यापासून त्याच्या जोडीदाराला लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही.