देवडी कुणाच्या खात्यावर?

भिंत उभी असते तोवर तिचा मालक कोण, हे कुणी विचारत नाही. ती पडली की मात्र ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील एकापाठोपाठ एक तेवढंच विचारतात. सारोळ्याच्या गावठाणात आमच्या जुन्या वाड्याची देवडी श्रावणातल्या झडीत उजव्या अंगानं बसली, तेव्हा भावकीतल्या प्रत्येकाकडे या प्रश्नाचं उत्तर होतं आणि ते दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं. माणूस सापडला नाही, हे नशीब. शेजाऱ्याची मोटरसायकल ढिगाऱ्याखाली गेली. तिची भरपाई कुणी द्यायची यावरून जी बोलाचाली झाली, तिच्यातून मला पुढचं सगळं कळत गेलं. सामाईकातली देवडी, बुरूज, आड, विहीर असलं काही ज्यांच्याकडे अजून उभं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमचा वाडा इतिहासात नाव असलेला नाही. आमच्याच तालुक्यात कारीला जेध्यांचा वाडा आहे, भोरला पंतसचिवांचा राजवाडा आहे. तिथे लोक मुद्दाम जातात, राजवाड्यात तर सिनेमावाले मुक्काम ठोकतात. आमच्या देवडीत पाहुणे चपला काढायचे, एवढाच तिचा मान. मागचा चौसोपी वाडा कधीच गेला, त्याच्या जोत्यावर चुलत्यांची स्लॅबची घरं आली. मध्ये सामाईक चौक आणि पुढे ही देवडी: घडीव दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी चौकट, दिंडीचा दरवाजा, माथ्यावर कौलारू माडी.

पावसानं पडली, असं गाव म्हणतं. पाऊस काय तिला नवा होता? माझ्या हिशेबानं ती पडायला सुरुवात झाली 1 जानेवारी 1963 ला. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या मुलकी पाटलांची वतनं कायद्यानं संपली. वतनं गेली ते योग्यच झालं, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. पण वाड्याची दर उन्हाळ्यातली शाकारणी आमच्या वतनाच्या उत्पन्नावर चालायची आणि गावचा सुतार बलुत्याच्या बोलीवर वासे-तुळया बघून जायचा. उत्पन्न गेलं, बलुतं गेलं, वास्तू तेवढी मागे राहिली. पुढे भावाभावांत वाटप झालं तेव्हा शेताचे बांध ठरले, घराचे खण मोजले गेले. देवडी आणि चौकापुढे नुसतं ‘सामाईक’ लिहून सगळे उठले. तिची कौलं कोण फिरवणार, हे त्या कागदात कुठेच नाही.

कौलं सरकली की पाणी भिंतीच्या माथ्यावर पडतं. मातीची भिंत मग आतून भुसभुशीत होत जाते आणि बाहेरून वर्षानुवर्षं धडधाकट दिसते. त्यात एका चुलतभावानं, चांगल्याच मनानं, खालच्या भागाला सिमेंटचा गिलावा करून घेतला. मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीतली ओल पृष्ठभागावरून उडून जायला हवी. सिमेंटनं ती आत कोंडली. जोत्याच्या सांध्यात पिंपळ होताच. त्याला दरवर्षी कुणीतरी वरून छाटायचं आणि तो दरवर्षी जाड होऊन यायचा.

हे सगळं दिसत होतं. मग कुणी काही का केलं नाही? आळस हे एक कारण झालं, पण खरं कारण वेगळं होतं. मी एकदा थोरल्या चुलत्यांना म्हटलं, “तात्या, निदान ताडपत्री तरी टाकून घेऊ.” ते म्हणाले, “टाक की. आज ताडपत्री टाकशील, उद्या पत्रा घालशील, परवा म्हणशील देवडी माझी.” तात्या वाईट माणूस नाहीत. महामार्गावरच्या गावात गुंठ्याचा भाव काय झालाय, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आमच्याकडे पुण्याहून येणारा रस्ता नीरा ओलांडून शिरवळला जातो आणि त्या पट्ट्यात आता जमिनीचा तुकडा म्हटला की आधी भाव आठवतो. जो खर्च करील तो मालकी सांगेल, या एका भीतीनं पाच घरं एकमेकांवर पहारा देत बसली आणि पहाऱ्याखालीच भिंत विरघळली.

ही भीती बहुतांशी बिनबुडाची आहे, हे एका वकिलांनी नंतर समजावून सांगितलं. सामाईक मिळकतीत एका हिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीनं असलेला ताबा धरला जातो. दुरुस्ती केली म्हणून त्याचा हिस्सा वाढत नाही. वाटपाच्या वेळी त्याला आवश्यक खर्चाचा हिशेब मागता येतो, एवढंच. विरुद्ध कब्जा सांगायचा तर बाकीच्यांचा हक्क उघडपणे, त्यांना कळेल असा नाकारून बारा वर्षं काढावी लागतात. कौलं फिरवणं म्हणजे हक्क नाकारणं नव्हे. पण पारावर कायदा सांगून कुणाची भीती जात नाही. ती कागदानं जाते. म्हणून पहिलं काम हे: दुरुस्तीचा कागद मालकीच्या कागदापासून तोडा. हिस्से किती, कुणाचे, हा वाद चालू असला तर चालू द्या. वेगळ्या कागदावर सगळ्यांनी लिहून द्यायचं की अमुक दुरुस्ती अमुक माणूस करील, खर्च असा वाटला जाईल आणि यातून कुणाचाही हक्क वाढणार वा कमी होणार नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते वाचल्यावर तात्यांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं आणि सही केली. कागद हक्कालाच हात घालत असेल तर मात्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. त्यात घरचं डोकं चालवू नका, वकिलाला दाखवा.

सह्या कुणाच्या? इथे भलेभले फसतात. गावात राहणाऱ्या पुरुषांच्या सह्या घेतल्या की काम झालं, असं आपण धरून चालतो. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला लागू झाली आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा. 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेली नोंदणीकृत वाटपं वेगळी. म्हणजे सासवडला दिलेली आत्या आणि मुंबईतल्या चुलतबहिणीही त्या कागदावर हव्यात. आमच्या आत्यांना विचारायला गेलो तर त्या म्हणाल्या, “देवडी पडल्यावर आठवण झाली होय रे?” सही दिली, वर कौलांसाठी पैसेही दिले.

आता नोंदींचं. काळीला सातबारा असतो, पांढरीचं तसं नव्हतं. पुष्कळ लहान गावांच्या गावठाणांची मोजणीच झालेली नव्हती. लोकांकडे असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद, मालकीचा पुरावा नाही. हे बदलायला गावठाणांची ड्रोन मोजणी आली. महाराष्ट्रात तिचा पहिला प्रयोग आपल्या शेजारच्या पुरंदरात, पानशांच्या सोनोरीत झाला आणि देशभरची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 ला जाहीर झाली. ड्रोन उडण्याआधी प्रत्येकानं आपल्या मिळकतीभोवती चुन्याची रेघ मारायची असते. आमच्याकडे काय झालं? प्रत्येकानं आपल्या स्लॅबच्या घराभोवती नीट रेघ मारली. देवडीभोवती कुणीच नाही, कारण मारली तर पुन्हा तोच संशय. वरून बघणाऱ्याला ती जागा मोकळी. तुमच्या गावात मोजणी व्हायची असेल तर सामाईक वास्तूला सगळ्यांनी मिळून रेघ मारा आणि चौकशीच्या वेळी सगळ्या हिस्सेदारांची नावं सांगा. होऊन गेली असेल तर भूमि अभिलेख कार्यालयात जाऊन मिळकत पत्रिका बघा. हरकत जितकी लवकर, तितकी दुरुस्ती सोपी.

“पुरातत्त्व खात्याला कळवा” हा सल्ला हमखास मिळतो, आणि लगेच दुसरा म्हणतो, “नको, ते ताब्यात घेतील.” दोघांचंही अर्धवट. राज्याचा 1960 चा कायदा अधिसूचित झालेल्या स्मारकांना लागू होतो. जुनं आहे म्हणून कुठलीही वास्तू आपोआप त्यात जात नाही. आणि संरक्षित झाली तरी मालकी खाजगी राहू शकते. आमच्या देवडीसारख्या हजारो वास्तूंना सरकारी यादीत जागा मिळणार नाही, हे धरूनच चालावं. सरकार येतं ते दुसऱ्या दारानं: इमारत कोसळून लोकांना इजा होण्याची भीती असेल तर कार्यकारी दंडाधिकारी दुरुस्तीचा किंवा पाडण्याचा आदेश काढू शकतात. जुन्या फौजदारी संहितेत ते कलम 133 होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 152 आहे. अशी नोटीस प्रत्यक्ष तिथे राहणाऱ्याच्या हातात पडते आणि मुंबईचे हिस्सेदार फोनवर हळहळतात. घाबरलेला माणूस मग जेसीबी बोलावतो, कारण पाडणं एका दिवसाचं काम.

कोर्टात दावा चालू असला तर ‘जैसे थे’चा हुकूम असतो आणि तो सगळे दुरुस्ती न करण्याचं कारण म्हणून सांगतात. पण पावसाला तो लागू होत नाही. वाटपाच्या दाव्यातसुद्धा तातडीच्या दुरुस्तीची परवानगी अर्ज करून मागता येते. वकिलाला हे विचारायचं सुचत नाही म्हणून कित्येक वाडे तारखांवर पडले.

पडझड झाल्यावर पहिल्या रात्रीच लाकडावर नजर ठेवा. आमच्या चौकटीची गणेशपट्टी विकत घ्यायला अनोळखी माणूस टेम्पो घेऊन हजर झाला होता. शंभर वर्षांहून जुनं कोरीव काम 1972 च्या कायद्याखाली पुरावशेष ठरू शकतं आणि त्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. एवढं ऐकून तो चहा न घेताच गेला.

कामाचा क्रम विचाराल तर आधी पाणी, मग भेगा, शोभा सगळ्यात शेवटी. कौलं बसवा, भिंतीलगतचं पाणी दूर काढा. पिंपळ मुळासकट काढायचा तर जाणकाराकडूनच, नाहीतर मुळाबरोबर दगड येतो. भेगेवर चुन्याचा पट्टा ओढून त्यावर तारीख लिहा. तो तडकला तर भेग हलतेय, नाहीतर जुनी आहे. डागडुजी चुन्यातच करा. चुना भिजवून मुरवावा लागतो, हिरडा-गुळाचं पाणी घालणारे कारागीर अजून आहेत, पण त्यांना चार महिने आधी सांगावं लागतं.

पैशांचं आम्ही असं ठरवलं: बाहेरगावचे पैसे देतील, गावातले राबतील आणि त्या राबण्याचीही मजुरी वहीत लिहिली जाईल. वही तात्यांकडे, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त संशय होता त्यांच्याचकडे. एक घर अजून सही द्यायला तयार नाही. त्यांना चैत्रातल्या जत्रेला गाठायचं ठरलंय, कारण तेव्हा सगळी भावकी गावात असते आणि चारचौघांत नाही म्हणणं जड जातं. डावी भिंत अजून उभी आहे, तिच्यावरची कौलं मृग लागायच्या आत फिरवायची आहेत.