पानं टाकायला शीक

चि. मिहिर यास,

मित्रांबरोबर गोव्याला जाऊन मांडवीतल्या कॅसिनोत पोकर खेळून बघायचं ठरवलं आहेस, असं तू कळवलंस. मी अडवणार नाही. मात्र पोकरच्या टेक्सास होल्डेम या प्रकाराचा हिशेब पक्का करूनच टेबलाशी बस. तीनपत्तीवर हात बसलेल्या माणसाला प्रत्येक डावात उतरावंसं वाटतं, आणि तिथेच तो खड्ड्यात जातो.

म्हणून आधी पानं टाकायला शीक. हातातल्या दोन पानांची कुठलीही जोडी सरासरी १७ डावांत एकदा येते, एक्क्यांची जोडी तर २२१ डावांत एकदा. नऊ जणांच्या टेबलावर सुरुवातीला मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी यांवरच भिस्त ठेव. दोन्ही पानं बदामाची आहेत एवढ्यासाठी राजा-तिरी धरून बसू नकोस. एका रंगामुळे जिंकायची शक्यता दोन-चार टक्केच वाढते.

दुसरं, आपण कुठे बसलो आहोत ते बघ. डीलरचं बटण ज्याच्यापुढे असतं, तो फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं उघडल्यावर, सगळ्यांत शेवटी बोलतो. बाकीच्यांनी काय केलं ते त्याला आधीच दिसतं. त्या जागेवर थोडी हलकी पानंही चालतात. आधी बोलायची पाळी असेल तर चांगलीच हवीत.

आता हिशेब. समज, टेबलावर चार पानं उघडली आहेत आणि तुझी पानं धरून बदामाची चार झाली आहेत. न दिसलेली पानं ४६, त्यांत बदाम ९. म्हणजे पाचांत जेमतेम एकदा तुझा फ्लश, एकाच रंगाची पाच पानं, होणार. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ५०० आहेत आणि समोरच्याने १०० लावले, तर १०० घालून ६०० मिळायची संधी आहे, जरूर घाल. त्याने ५०० लावले, तर १००० साठी ५०० मोजावे लागतील. तेव्हा मुकाट्याने पानं टाक.

ब्लफच्या नादी सध्या लागू नकोस. नवशिक्यांच्या टेबलावर पानं टाकायला कुणी तयार नसतं, मग घाबरवणार कुणाला?

बरोबर खेळूनही हरशील. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीकडून शंभरात साधारण १८ वेळा हरते. तेव्हा चिडून पुढच्या डावात दुप्पट लावू नकोस. निर्णय योग्य होता का, एवढंच स्वतःला विचार.

आणि पैशांचं. गेले तरी घरखर्चाला झळ लागणार नाही एवढीच रक्कम घेऊन जा; ती संपली की ऊठ. उसने तर मुळीच घेऊ नकोस. कॅसिनो पॉटमधून आपला वाटा कापून घेतो, त्यामुळे बरोबरीचा खेळाडूही अखेरीस तोट्यात जातो. मोबाइलवर पैसे लावून खेळायचा विचारही नको; २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यावर बंदी आहे.

जायच्या आधी आठवडाभर रोज संध्याकाळी मित्रांबरोबर चिंचोके लावून खेळ, आणि प्रत्येक वेळी पॉटचा हिशेब मोठ्याने बोलून दाखव. तो चुकायचा थांबला, तरच पैसे लाव.

तुझा,
मामा