मॉरिशसला जाण्यापूर्वी : अभ्यास सहलीचा पहिला पाठ



यंदा आपल्या शाळेच्या परदेश अभ्यास सहलीसाठी मॉरिशसची निवड झाली आहे. मॉरिशस म्हटले की निळा समुद्र आणि सिनेमातली गाणी आठवतात. काही पालकांनी पालक सभेत विचारलेही, "एवढा खर्च करून मुलांना समुद्रकिनाराच दाखवायचा का?" प्रश्न रास्त आहे. तिथे जाऊन काय पाहायचे हे आधी ठरले, तरच त्याला उत्तर देता येईल. म्हणून हा पाठ.

देशाची ओळख

मॉरिशस हे मादागास्करच्या पूर्वेस, हिंदी महासागरातील बेट. देशाचे क्षेत्रफळ सुमारे २,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या इंदूर जिल्ह्याच्या साधारण निम्मे. येथे १५९८ मध्ये डच, १७१५ मध्ये फ्रेंच आणि १८१० मध्ये इंग्रज आले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. कारभारात इंग्रजी, वर्तमानपत्रांत बहुतांशी फ्रेंच आणि घराघरांत क्रिओल, असा तिथला भाषाव्यवहार आहे.

ऊस आणि माणसे

१८३५ मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते. इंग्रजांनी ते हिंदुस्थानातून करारावर नेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून पहिली तुकडी पोर्ट लुई बंदरात उतरली. पुढे १९२० पर्यंत सुमारे पाच लाख मजूर तेथे आले. त्यांतले काही नंतर इतर वसाहतींत गेले. ज्या दगडी पायऱ्या चढून ते आत आले, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पायऱ्या सोळाच आहेत. चढताना कोणी धावू नये.

बहुतेक मजूर बिहार आणि लगतच्या भोजपुरी मुलखातले होते. काही मुंबईहून जहाजात चढले. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज मॉरिशसचे नागरिक आहेत. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा विषय शिकता येतो आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत पुढील शिक्षणाची सोय आहे.

आपल्यात आणि त्यांच्यात एक फरक आहे. माळव्यात मराठी आली ती होळकरांच्या राज्याबरोबर. दरबार, दफ्तर, देवळे आणि पुढे शाळा असा तिला आधार होता. मॉरिशसची मराठी मजुरांच्या झोपडीतून आली. तिच्यामागे राज्य नव्हते. घरात आज क्रिओल बोलली जाते, तरीही मराठी सणात, आरतीत आणि शाळेच्या वर्गात टिकून आहे. तेथील मुले अडखळत मराठी बोलली तर हसू नका. मधल्या सुट्टीत आपण आपसात कोणत्या भाषेत बोलतो, हे आधी आठवून पाहा.

पक्ष्यांचे बेट

या बेटावर माणूस येण्यापूर्वी वटवाघळांखेरीज एकही जमिनीवरचा सस्तन प्राणी नव्हता. शत्रूच नसल्यामुळे डोडो पक्षी उडणे विसरला. डच आले, त्यांच्याबरोबर उंदीर, डुकरे आणि माकडे आली. शंभर वर्षांच्या आत, १६६२ च्या सुमारास, डोडो शेवटचा दिसला.

पण मॉरिशसची गोष्ट डोडोपाशी संपत नाही. मॉरिशस केस्ट्रेल हा ससाण्याच्या कुळातला छोटा शिकारी पक्षी. जंगलतोड, बाहेरून आलेले प्राणी आणि डीडीटीची फवारणी यांमुळे १९७४ मध्ये रानात केवळ चार केस्ट्रेल उरल्याची नोंद आहे. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यातली पहिली अंडी काढून कृत्रिमरीत्या उबवली. अंडी गेली की मादी पुन्हा अंडी घालते. अशा रीतीने पिल्ले वाढवून रानात सोडली आणि संख्या काहीशेंपर्यंत गेली. गुलाबी कबूतर आणि एको पोपट असेच वाचले. मात्र काम संपलेले नाही. २०१४ मध्ये केस्ट्रेलला पुन्हा संकटग्रस्त ठरवावे लागले.

एको पोपटाला अडचण कोणाची? आपल्या ओळखीच्या कंठवाल्या पोपटाची! तो हिंदुस्थानातून तेथे गेला आणि झाडांच्या ढोलींसाठी स्पर्धक झाला. आपल्याकडचे मुंगूसही असेच नेले गेले. जो प्राणी आपल्या अंगणात शोभतो, तोच दुसऱ्याच्या बेटावर संकट ठरू शकतो.

इल ओ एग्रेत या सुमारे २५ हेक्टरच्या बेटावर एक निराळा प्रयोग पाहायला मिळतो. मॉरिशसची स्वतःची मोठी कासवे नष्ट झाली. तेव्हा सेशेल्समधील आल्डाब्राची कासवे आणून सोडली. ती फळे खातात, फिरतात आणि विष्ठेतून बिया पसरवतात. त्यामुळे आबनुसाची रोपे पुन्हा रुजू लागली. २०२० मध्ये याच परिसरात 'वाकाशिओ' जहाज खडकावर अडकून तेल सांडले, तेव्हा गावकऱ्यांनी उसाचा पाला भरून तरंगते बांध केले आणि तेल अडवायला धावले.

वादाचा विषय

लिची आणि आंबे खाते म्हणून तेथील फळखाऊ वटवाघूळ बागायतदारांना नकोसे आहे. २०१५ पासून सरकारने अनेकदा हजारोंच्या संख्येने ती मारली. २०१८ मध्ये या जातीची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. हेच वटवाघूळ रानातल्या झाडांच्या बिया पसरवते. बागायतदाराचे नुकसान खरे आणि रानाचेही खरे. झाडांना जाळी लावणे हा एक उपाय आहे, पण त्याचा खर्च कोणी सोसायचा?

जाण्यापूर्वी करावयाचे काम

१. आपले घराणे इंदुरात केव्हा, कोठून आणि कशासाठी आले, हे आजी-आजोबांना विचारून एक पान लिहावे. तेथील मुलांना आपण हेच विचारणार आहोत, तेव्हा आपले उत्तर तयार हवे.
२. 'बोंझूर' म्हणजे नमस्कार, 'मेर्सी' म्हणजे आभार, हे पाठ करावे. पाहुण्याने यजमानाचे दोन शब्द तरी बोलावेत.
३. वटवाघळांच्या प्रश्नावर दोन गट करून वर्गात वाद घालावा. नंतर गटांनी बाजू बदलाव्यात.
४. बूट आणि पिशव्या घासून स्वच्छ कराव्यात. चिकटलेली एक बीसुद्धा बेटावर नेऊ नये. फळे, बिया मुळीच नकोत.

पालकांना विनंती, खरेदीची यादी देण्याऐवजी मुलांकडून वरील पान लिहून घ्यावे. विश्वस्त मंडळालाही सुचवावेसे वाटते, की परतल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने सहलीला न गेलेल्या एका वर्गाला एक तास शिकवावे. सहल काहींनाच परवडते. तिचा अभ्यास मात्र साऱ्या शाळेचा झाला पाहिजे.